हिमालयन आता तुझी

सातारा,
ऑक्टोबर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर ऑफिसातल्या सवंगड्यांना घेऊन चाळकेवाडीच्या पठारावर यायचं आणि त्यासाठी आपली जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन मोटरसायकल न्यायची, हा तुझा बेत आईने मला वाचून दाखवला. मला फार आनंद झाला. गाडी तुझीच समज. कागदही तुझ्या नावावर करून टाकू. फॉर्म 29 आणि 30 आणून ठेवले आहेत, फक्त सहीला ये. नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2032 पर्यंत त्या बाजूने घोर नाही. बाकी जे सांगायचं आहे ते फोनवर अर्धवट राहील, म्हणून लिहून पाठवतो.

जुनी गाडी आणि नवा ग्रुप, दोन्हींत कुठे कच्चं आहे हे घाटात कळून उपयोग नाही. ते घरी असतानाच शोधायचं. या पत्रात मी तेवढंच सांगणार आहे, फक्त पाल्हाळ लावून.

आधी गाडी. 411 सीसीची हिमालयन 2016 साली आली आणि 2023 च्या शेवटी नवी 450 ची हिमालयन आल्यावर बंद झाली. आपली 2017 च्या अखेरची. फ्युएल इंजेक्शन आहे; एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, नाही. मुरमाच्या उतारावर एबीएस नसणं सोयीचंच असतं, मागचं चाक हवं तेव्हा घसरवता येतं. पण परतीला ओल्या डांबरावर तेच चाक तुला आडवी करेल, तेव्हा डांबर लागलं की ब्रेकवर पाय आणि बोटं हलकी ठेव. ताकद साडेचोवीस बीएचपी, आजच्या गाड्यांपुढे काहीच नाही. तरी 32 न्यूटन मीटरचा टॉर्क खालच्याच आरपीएमला मिळतो, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून दिलास तरी ती दगडांतून चालत चालत वर येते. तिच्यावर घाई करू नकोस. तिचं वजन 200 किलोच्या जवळपास आहे आणि घाई केली की ते सगळं वजन जाणवतं.

आता तपासणी, आणि ही तू स्वतःच्या हाताने करायची. मेकॅनिक चांगला आहे, पण पठारावर तो नसणार. मधल्या स्टँडवर गाडी घे, मागची बाजू दाबून पुढचं चाक अधांतरी धरायला आईला सांग आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरव. मधोमध खट्कन अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलं. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बघ. खेळ लागला तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश. वर-खाली उचलून खेळ लागला तर मागच्या शॉकअपचं लिंकेज, म्हणजे त्याचे जोड. लिंकेज पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस करायलाच हवं, चिखल तिथेच बसतो. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचं कडं दिसलं तर सील बदल. चेनसेटमध्ये पुढच्या छोट्या चकतीचे दात बघ, लोक मागचेच बघतात. आणि आऱ्या. पान्याने एकेक वाजवत जा: ताठ आरी खणखणते, ढिली बद्द वाजते. एक ढिली झाली की शेजारणीवर भार जातो आणि खड्ड्यात रिम वाकते.

चाकात ट्यूब आहे, त्यामुळे पंक्चर काढता आलंच पाहिजे. आपल्या अंगणात एकदा मागचं चाक काढून, टायर उतरवून, ट्यूब बदलून परत बसव. हात काळे होतील, नखं मोडतील, पण नंतर भीती राहणार नाही. पुढची 21 इंचांची आणि मागची 17 इंचांची, दोन्ही ट्यूब बरोबर ठेव. मातीत हवा थोडी कमी केली की पकड येते हे खरं, तरी ट्यूबच्या गाडीत फार कमी करू नकोस. दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली की एकाच ठिकाणी दोन भोकं पडतात. पंप घ्यायला विसरू नकोस, डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची असते.

बाजूला लावलेले अ‍ॅल्युमिनियमचे डबे काढून ठेवतो आहे. लडाखला ते ठीक. आपल्या पायवाटांवर गाडी आडवी झाली की पाय त्यांच्याखाली सापडतो. सामान कापडी बॅगेत, घट्ट, मध्यभागी.

एक क्लच वायर मात्र आहे त्या वायरीला समांतर आताच बांधून ठेव, टोकं तयार ठेवून. वनकुसवड्याच्या बाजूला आमच्यातल्या एकाची क्लच वायर ऐन धुक्यात तुटली होती. वायर बांधून ठेवलेली असल्यामुळे टाकी न काढता, टॉर्चच्या उजेडात ती जोडून झाली आणि आम्ही जेवायच्या वेळेला पाटणला होतो. नसती तर त्या वाऱ्यात रात्र काढावी लागली असती. पवनचक्क्या उगीच तिथे उभ्या केलेल्या नाहीत. तो वारा अंगातली ऊब काढून घेतो.

आता माणसं. तू लिहिलंयस त्यात हिरोच्या दोन एक्सपल्स, केटीएमची एक 390 अ‍ॅडव्हेंचर, आपल्यासारखीच आणखी एक 411, आणि एका मुलाची हिरोचीच जुनी इम्पल्स. सहा गाड्या म्हणजे पुरे. सातवा कोणी म्हणाला तर त्याला पुढच्या वेळी ये म्हण. इम्पल्सचं नाव वाचून मला भरून आलं. 2011 साली ती आली तेव्हा आपल्याकडे मातीतल्या गाडीला गिऱ्हाईक नव्हतं, कंपनी काळाच्या पुढे गेली होती. त्या मुलाला सांग, इंजिन हंक आणि सीबीझेडच्या कुळातलं आहे, त्यामुळे आतले भाग मिळतील. प्लास्टिकचे आणि लिव्हरसारखे भाग मात्र दिसतील तिथे घेऊन ठेव.

बेत आखताना तुझी गाडी किंवा 390 डोळ्यांसमोर ठेवू नकोस, ती इम्पल्स ठेव. आपल्या टाकीत 15 लिटर मावतं, एक्सपल्समध्ये 13, तिच्यात 11 च्या आसपास. पेट्रोलचा हिशेब 11 लिटरचा. वेगाचा हिशेब जो सगळ्यात नवखा आहे त्याचा. डांबरावर तासाला 50 धरतेस ना, मातीत 15 ते 20 धर. चढ, फोटो, पंक्चर, चहा, कोणाचं तरी पडणं, सगळं त्यात येतं. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो. दुपारी दोनला तुम्ही पठाराच्या शेवटच्या टोकाला असायला हवं, त्याच्या पुढचा वेळ परतीचा.

पुढे कोण राहणार यावरून ग्रुपमध्ये बोलाचाली होतात. पुढे तू राहा, कारण वाट तुला माहीत आहे. पण तुमच्यातला सगळ्यात तरबेज स्वार शेवटी ठेव, आणि हे त्याला मानाने सांग. पडलेली गाडी उचलायला, घाबरलेल्याची गाडी चढावरून काढून द्यायला, पंक्चर काढायला तोच लागतो, आणि हे सगळं मागेच घडतं. अवजारं आणि औषधाची पेटीही त्याच्याकडे. प्रत्येक फाट्यावर तुझ्या लगेच मागचा स्वार थांबेल, शेवटचा दिसेपर्यंत हलणार नाही, मग तो शेवटच्याच्या पुढे लागेल. पुढच्या फाट्यावर आता दुसऱ्या जागी आलेला थांबेल. एवढा एक नियम पाळला तर पठारावर रेंज गेली तरी कोणी चुकत नाही. गाड्यांमध्ये फुफाटा बसेपर्यंत अंतर ठेवा; मागच्याला रस्ता दिसत नसेल तर त्याने थांबायचं, ताणून धरायचं नाही.

निघायच्या आधी सगळ्यांना गाडी उचलायला शिकव. किल्ली बंद, गिअर पहिला. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा. गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, एक हात हँडलला, एक मागच्या पकडीला, आणि पायांच्या जोराने मागे चालायचं. कंबरेने उचलायला गेलं की माणूस आठवडाभर आडवा. तुझ्या आईने ही गाडी एकटीने उचलली आहे, तेव्हा ताकदीचं कारण कोणाचं ऐकू नकोस. पाय बुडेल एवढं पाणी दिसलं तर आधी कोणीतरी चालत पलीकडे जाऊन यायचं. गाडी पाण्यात बसली आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर कोणीही स्टार्टर दाबायचा नाही. आधी प्लग काढून पाणी बाहेर.

वाट तू म्हणतेस तीच धर: सज्जनगडाचा पायथा, ठोसेघर, चाळकेवाडी, तिथून पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यांनी पाटणच्या अंगाला, आणि परत मल्हारपेठ, उंब्रजवरून हायवेने. पवनचक्क्यांचे रस्ते ट्रेलर जातील असे रुंद आहेत म्हणून ते सोपे वाटतात. वळणावर सुटा मुरूम असतो, तिथेच नवखी माणसं घसरतात. उभं राहून चालवा, नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या शेवटाला ठेवा. फाटकावर रखवालदार असेल तर थांबून विचारायचं, नाही म्हणाला तर मागे फिरायचं.

आणि सायली, हे मी कळकळीने लिहितो: रस्ता सोडून सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कोणालाही गाडी घालू देऊ नकोस. मोकळं पठार दिसलं की पोरांना वाटतं, इथे काय बिघडणार? जांभ्यावर मातीचा थर कुठे कुठे बोटभरच असतो. कास पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशात स्थान मिळालं ते याच असल्या सड्यावरच्या फुलांमुळे, आणि चाळकेवाडीचा सडा त्याच जातीचा आहे. तुम्ही येणार तेव्हा फुलं सुकलेली असतील, पण बी त्याच मातीत पडलेलं असतं. टायरने ती माती एकदा उचकटली की पुढच्या पावसात वाहून जाते आणि खाली उघडा दगड राहतो. चाकोरी आहे तिथूनच चाकं जातील, हे निघतानाच सगळ्यांकडून वदवून घे. कोयनेच्या बाजूचं जंगल 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिकडे मोबाइलच्या नकाशात पायवाट दिसली तरी जायचं नाही. भाताच्या खाचरांचे बांधही तसेच; त्या दिवसांत कापणी, झोडणी चाललेली असते. बैल दिसले की इंजिन बंद करून थांबा. आपण रविवारपुरते जातो, त्या माणसांचा तो रोजचा रस्ता आहे.

तसं पाहिलं तर या वाटांवर गाड्या घालणारे आपण पहिले नव्हेत. अ‍ॅडव्हेंचर बाइक ही जात बाजारात येण्याच्या कितीतरी आधी दूधवाले राजदूत आणि एम-80 ला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून हे चढ रोज चढत होते, तेही पहाटे, भर पावसात, चपला घालून. वाटेत असा कोणी म्हातारा भेटला तर थांबून त्याच्याशी बोल. कुठल्या ओढ्याची फरशी वाहून गेली आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

आता माझ्यासाठी कामं. सहाही जणांची नावं, रक्तगट, घरचा एकेक नंबर आणि गाड्यांचे विमा व पीयूसी संपायच्या तारखा एका कागदावर लिहून मला पाठव. एक प्रत तुझ्या खिशात, एक शेवटच्या स्वाराकडे, एक माझ्याजवळ राहील. 108 आणि 112 हे नंबर सगळ्यांच्या लक्षात हवेत. गुडघ्याचे गार्ड आणि घोट्यावर येणारे बूट ज्याच्याकडे नाहीत त्याला आताच सांग, ऐनवेळी इथे मिळणार नाहीत. पाटणला पोचलात की फोन कर. संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर मी आणि शेजारचे काका जीप घेऊन पाटणच्या बाजूने वर निघू, तेव्हा ठरलेली वाट बदलायची नाही.

तू आदल्या शुक्रवारीच ये, म्हणजे शनिवारी चाक काढायचं काम उरकेल. बाकीच्यांना शनिवारी रात्री मुक्कामाला बोलाव, गच्चीवर पाच जण सहज झोपतील. कोणाला शेंगदाणा चालत नसेल तर आईला आधी कळव.

तुझा,
बाबा