गुलमर्ग की औली? मिलिंदला पत्र

कोथरूड, पुणे
९ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,

काल फोनवर मागून काकांचं "औली! औली!" चाललं होतं, त्यामुळे घरच्यांना घेऊन स्की शिकायला गुलमर्गला जावं की औलीला, या तुझ्या प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो. आधी निकाल सांगतो, मग कारणं: माझं मत गुलमर्गला. मी स्वतः औलीला शिकलोय आणि तरीही असं म्हणतोय, हे काकांच्या कानावर घाल.

औलीवर माझा जीव आहे, हे तुला ठाऊक आहे. सकाळी उतारावर उभं राहिलं की समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी, मध्ये काही आडवं नाही. गढवाल मंडल विकास निगमच्या कोर्सला होतो तेव्हा सुरुवातीला उस्तादांनी आम्हाला लिफ्टकडे फिरकूही दिलं नव्हतं. स्की पायात अडकवून आडव्या पावलांनी उतार चढायचा. एक पाय वर टाकून स्कीची कड बर्फात रुतवायची, मग दुसरा पाय त्याच्या शेजारी. असं धापा टाकत थोडं वर जायचं, वळायचं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुन्हा खाली, बहुतेकदा पार्श्वभागावर. वरून उस्तादांचं पालुपद, "घुटने मोडो, साहब, घुटने!" भाड्याचे बूट नडगीवर असे आवळलेले असायचे की संध्याकाळी बक्कल सोडताना डोळ्यांत पाणी यायचं. पण शिकलो ते पक्कं.

आता तुझं बघू. तुझ्याकडे जेमतेम आठवडा आहे, बरोबर वैशाली, मुक्ता-ईशान ही दोन पोरं आणि काका-काकू. औलीसाठी डेहराडूनपर्यंत विमान, मग ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, तेही घाटाचे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग असे एकेक प्रयाग मागे टाकत जायचं. रस्ता देखणा आहे, पण मुक्ताला आंबोलीच्या घाटातही उलट्या होतात. काकांच्या गुडघ्यांचा विचार केलास तर वाटेत एक मुक्काम धरावाच लागेल. म्हणजे जाता-येता चार दिवस प्रवासातच गेले. शिवाय काकांच्या डोक्यात जो जोशीमठ-औली रोपवे आहे, तो जोशीमठची जमीन खचायला लागल्यावर २०२३ च्या जानेवारीत बंद केला. त्यामुळे शेवटचा टप्पाही गाडीनेच, आणि ताजा बर्फ पडला की गाडी अलीकडेच थांबते. मग सामान उचला आणि चाला.

बर्फाचं म्हणशील तर भरवसा दोन्हीकडे कमीच झालाय. बर्फ नाही म्हणून औलीतल्या स्पर्धा रद्द झाल्यात. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली, तलाव बांधला, पण त्या यंत्रांच्या जिवावर तू रजा टाकू नकोस. गुलमर्गही काही धुतल्या तांदळासारखं नाही. २०२४ च्या जानेवारीत तिथली कुरणं उघडीबोडकी होती, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तरी गुलमर्ग गावच २,६५० मीटरवर आहे आणि वर अफरवटचा डोंगर चार हजारांच्याही पुढे जातो. खाली कमी असला तरी वर बर्फ सापडण्याची शक्यता जास्त.

पण माझं कारण तो उंच डोंगर नाही. गुलमर्ग म्हटलं की जो तो अफरवटवर नेणारा गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, दाखवतो. नवशिक्यांना त्या वरच्या उतारांशी काहीही कर्तव्य नाही. तुम्हाला हवं ते गावातलं पसरट कुरण, त्याचे बेताचे उतार आणि पोरांना ओढून वर नेणारी छोटी लिफ्ट. ईशान दुपारपर्यंत स्कीची टोकं जुळवून, पिझ्झ्याचा तुकडा करून, थांबायला शिकेल. त्याने रील्स बघून अफरवटच्या कोऱ्या बर्फाचा हट्ट धरला तर साफ नाही म्हण. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथेच हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू गेला. आखलेली वाट सोडून जाणं हे दिशा दाखवणारा जाणकार आणि हिमस्खलनाचा धोका ओळखणारी नजर असलेल्यांचं काम.

काका-काकूंना गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगडोरीला ने, तिथे कहवा पाज आणि परत आण. दुसरा टप्पा त्यांच्यासाठी नको. काकांच्या बायपासनंतर एका झटक्यात तेवढ्या उंचीवर जाणं शहाणपणाचं नाही, आणि वारा सुटला की तो टप्पा बंदच ठेवतात. तिकिटं आधी ऑनलाइन काढ. तिथे उतरल्याबरोबर स्लेजवाले, गाइड, बूटवाले गराडा घालतील. शिकवणारा हॉटेलमार्फत आधीच ठरव, दर लेखी घे. तंगमर्गहून वर चढताना टायरना साखळ्या लावतात, त्याचे पैसे कोण देणार हेही गाडीवाल्याशी आधीच बोलून घे.

आता जड विषय. पहलगामला २०२५ च्या एप्रिलमध्ये जे झालं, त्यात डोंबिवलीचे, पुण्याचे लोक गेले. वैशाली काश्मीर नको म्हणते, ते मला शंभर टक्के समजतं. तिला आकडे सांगून गप्प करायला मी येणार नाही, तूही करू नकोस. धास्तावलेल्या मनाने सुट्टी होत नाही. तिने "हो" म्हटलं तर ते मनापासूनचं आहे ना, एवढं बघ. "नाही" म्हणाली तर औली, आणि मग पुढच्या वर्षी दहा दिवस काढून. या वर्षी ओढूनताणून नको.

गुलमर्ग ठरलं तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धर. चिल्लई कलान, म्हणजे त्यांचे चाळीस कडक थंडीचे दिवस, जानेवारीअखेर संपतात, आणि मुक्ताची परीक्षाही लांब असते. परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीनगरमध्ये मोकळी ठेव. बर्फात नाहीतर धुक्यात उड्डाणं रद्द होतात. तुझं प्रीपेड सिम तिकडे चालणार नाही, पोस्टपेड घे.

रविवारपर्यंत कळव. मेधाला आणि मला रजेचे अर्ज टाकायचेत, आणि तिकिटं रोज चढतायत. काकांची समजूत मी काढतो, फोन त्यांच्याकडे दे.

तुझा,
अज्या

ता. क.: मोजे एकावर एक घालू नका. एकच जाड लोकरी जोड. दोन घातले की आत चुण्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी टाचेवर फोड. पोरांचे हातमोजे मात्र दोन-दोन जोड घे, दुपारपर्यंत पहिला चिंब झालेला असतो.