मारता तर मग वारसही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉमिकमधला एखादा सुपरहिरो मेला की त्याची ठळक बातमी होते. तो परत आला की ते कुणाच्या गावीही नसतं. या मरण्या-उठण्याच्या धंद्यामुळे आपण मुलांकडून काय हिरावून घेतोय, हे कुणीतरी बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

सर्वांत गाजलेलं मरण सुपरमॅनचं. १८ नोव्हेंबर १९९२ रोजी अमेरिकेत त्याचा ७५वा अंक विक्रीला आला. काळ्या पिशवीत बंद, पिशवीवर रक्त ओघळणारं त्याचं चिन्ह, आत दंडाला बांधायची काळी फीत आणि वर्तमानपत्रात येतो तसा मृत्युलेख. अंकाच्या लाखो प्रती खपल्या. तो अंक मात्र मनापासून केलेला आहे. आधीच्या तीन अंकांत एका पानावर चार, मग तीन, मग दोन चौकटी आहेत आणि या अंकात प्रत्येक पानभर एकच चित्र. डूम्सडे या राक्षसाचा ठोसा जवळ येत जातो तशी वाचणाऱ्याला पळायला जागाच उरत नाही. शेवटी प्रेयसी लोइसच्या मिठीत सुपरमॅन कोसळतो. लेखक-चित्रकार डॅन जर्गेन्स यांच्या या पानांसमोर मी आजही थांबतो.

पण हे मरण आलं कुठून? क्लार्क, म्हणजे सुपरमॅनच, आणि लोइस यांचं लग्न कॉमिकमध्ये ठरलं होतं. त्याच सुमाराला दोघांवरची टीव्ही मालिका येऊ घातली, म्हणून लग्न पुढे ढकललं गेलं आणि लेखकांना त्या जागी दुसरी मोठी गोष्ट हवी होती. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परतला. मला राहून राहून वाटतं ते मधल्या अंकांबद्दल. त्यांत जॉन हेन्री आयर्न्स नावाचा इंजिनिअर आहे. सुपरमॅनने त्याचा जीव वाचवलेला असतो, म्हणून तो स्वतः पोलादी चिलखत घडवून लोकांच्या मदतीला उतरतो. गेलेल्या माणसाचं काम आता कोण करणार, या प्रश्नाचं इतकं सुंदर उत्तर समोर होतं आणि खरा सुपरमॅन परत येताच ते बाजूला पडलं.

विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशच्या बाबतीत हे उत्तर वीस वर्षांहून अधिक काळ टिकलं. १९८५ मध्ये तेव्हाचा फ्लॅश, बॅरी ॲलन, जग वाचवताना मेला. त्याचा पोशाख वॉली वेस्टने चढवला. बॅरी त्याच्या आत्याचा नवरा. सुरुवातीला चाचपडणारा वॉली हळूहळू आपल्या आतोबांच्या तोडीचा झाला आणि एका पिढीसाठी तोच फ्लॅश होता. २००८ मध्ये बॅरीला परत आणलं. ज्या मुलाने एवढं कमावलं, त्याला पुन्हा दुय्यम व्हावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मारव्हलच्या कॅप्टन अमेरिकाला २००७ मध्ये न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या गेल्या. तो प्रसंग मी भाच्याला वाचून दाखवत होतो. पान उलटायच्या आतच त्याने विचारलं, "मामा, परत कधी येतो?" त्याच्या आवाजात काळजी नव्हती, नुसती चौकशी होती. मरणाचं दुःख करायचं नसतं, वाट बघायची असते, हे त्याला नऊ-दहा वर्षांच्या वयात पाठ झालं आहे. त्याचा दोष नाही. कॉमिकनेच त्याला तसं शिकवलं.

आपल्याकडच्या वाचकांना याहून चांगली रीत कधीची ठाऊक आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, घराघरांत पोचला. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, पण वाचकाला खरं ठाऊक असतं. बाप मेला की मुलगा कवटीच्या गुहेत शपथ घेतो आणि तोच मुखवटा चढवतो. ली फॉक यांचा वेताळ हा एकविसावा. आधीचे वीस त्याच गुहेत पुरलेले आहेत आणि त्यांतला एकही उठून येत नाही. तरी वेताळ आहेच! मरण खरं ठेवूनही नायक टिकवता येतो, हे १९३६ पासून छापलं जातंय.

हिरो म्हणजे प्रकाशकाची मालमत्ता, चित्रपट आणि खेळणी त्याच्यावर चालतात, हे मला कळतं. पण नाव आणि पोशाख वारसाकडे गेल्याने मालमत्ता बुडत नाही. १९८२ मध्ये कॅप्टन मार्व्हल अंथरुणावर कर्करोगाने गेला. त्याला कायमचं परत आणलेलं नाही. २०१२ पासून ते नाव कॅरल डॅनव्हर्स चालवते आणि त्याच नावाने २०१९ मध्ये तिचा चित्रपटही आला.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे एखाद्या सुपरहिरोच्या मृत्यूची बातमी बालपुरवणीत छापाल, तेव्हा त्याचा पोशाख पुढे कोण घालणार आणि प्रकाशक त्या वारसाला किती अंक देणार, तेही विचारून छापा. मराठीत नवे नायक घडवू पाहणाऱ्या चित्रकारांनाही सांगणं आहे की आपला नायक मारायची वेळ आली, तर त्याच्या मागे उभी राहणारी मुलगी किंवा मुलगा पहिल्या अंकापासूनच गोष्टीत असू द्या.

आपला,
एक वाचक, डोंबिवली