काका, थांब्यांचा हिशोब शिकवल्याबद्दल

काका, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. वहिनी वाचून दाखवतील, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

गेल्या फेब्रुवारीत माझी 300 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) फसली. पुण्याहून उंब्रजपर्यंत आणि परत, मुदत 20 तास. मी पोचले 20 तास 50 मिनिटांनी. दुसऱ्याच दिवशी रागारागात नवा कागद लिहून फ्रिजवर चिकटवला: सरासरी वेग 22, आणि एकाच हंगामात 200, 300, 400, 600 चारही पूर्ण करून सुपर रँडोनियर हा किताब. तुम्ही टाकीच्या पाण्याचं विचारायला वर आलात आणि तो कागद चष्मा लावून वाचलात. म्हणालात, "ही पाटी झाली. वेळापत्रक कुठंय?"

एसटी स्टँडवर उभी हयात वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. (बीआरएममध्येही शिक्के मारायच्या ठिकाणाला कंट्रोलच म्हणतात, हे कळल्यावर तुम्हाला झालेला आनंद मी विसरणार नाही.) तुम्ही माझं शिक्क्यांचं कार्ड मागितलंत, सायकलच्या मीटरवरचे आकडे मागितलेत आणि पेन्सिल घेऊन बसलात. सायकल चालत होती तेव्हाचा वेग ताशी 20, म्हणजे 300 किलोमीटरला 15 तास. उरलेले 5 तास 50 मिनिटं मी नुसती उभी होते! किंवा बसले होते, टपरीवर.

मग तुम्ही दुसरी बेरीज मांडलीत. वेग 20 चा 22 करायला मी वर्षभर घाम गाळला असता, तरी वाचले असते साधारण 1 तास 20 मिनिटं. थांब्यांतून अडीच-तीन तास सुटत होते, एकही पेडल जास्त न मारता. मला लाज वाटली, खरं सांगते. मी इंजिनिअर आहे.

तुम्ही करून दिलेल्या कागदावर वेगाचा आकडाच नव्हता. कंट्रोलवर दहा मिनिटं. एकच जेवण, अर्धा तास. सगळे थांबे मिळून तीन तास. दर चाळीस मिनिटांनी मोबाइलचा गजर वाजला की भूक असो-नसो तोंडात काहीतरी टाकायचं: राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की. आधी मला हे खाणं वेगळं प्रकरण वाटलं होतं. पण शरीरातला साखरेचा साठा काही तासांतच आटतो आणि भूक कळते तोवर उशीर झालेला असतो. मग पाय चालत नाहीत आणि माणूस टपरीवर तासभर बसतो. माझे ते 5 तास 50 मिनिटं तिथेच गेले होते. चढाची अट तर सोपी होती: खंबाटकी घाटात एक अख्खं वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. मीटरवरच्या वेगाच्या आकड्यावर तुम्ही चिकटपट्टी लावलीत. ती अजून तशीच आहे.

कागदाच्या मागच्या बाजूला सोडून द्यायच्या अटी होत्या. "गाडी रद्द करायची का, हे घाटात ठरवायचं नसतं, डेपोत ठरवायचं." डुलकी आली, गुडघा इतका दुखला की पाय वाकडा पडू लागला, किंवा दिवा नाहीतर ब्रेक गेला तर थांबायचं. दमणं, पाऊस, समोरचा वारा यांतलं काहीही कारण चालणार नाही. याचा केवढा आधार होतो, हे रात्री दोन वाजता सुरूरच्या अलीकडे कळलं. सोडावंसं खूप वाटत होतं. कागद आठवला, तीनपैकी एकही अट लागू नव्हती. म्हणून पुढे निघाले.

400 आणि 600 तुम्ही खोडलेत तेव्हा मात्र मी दोन आठवडे तुमच्याशी नीट बोलले नाही. अजूनही वाटतं, 400 ठेवायला हरकत नव्हती. असो. त्याऐवजी रविवारी 120 किलोमीटर चालवायचे आणि वहीत वेगाऐवजी थांब्याचा वेळ लिहायचा. पहिल्या रविवारी 1 तास 50 मिनिटं, पाचव्या रविवारी 40. हा आकडा माझ्या हातातला होता. वारा, चढ, वय यांतलं काहीच त्याच्या आड येत नव्हतं.

डिसेंबरमध्ये त्याच रस्त्याने 18 तास 25 मिनिटं. परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्याआधी पंक्चर झालं, ती 25 मिनिटं धरूनही सगळे थांबे 3 तास 2 मिनिटांत बसले. आणि गंमत म्हणजे चालता वेग 19.5, म्हणजे फेब्रुवारीपेक्षा कमीच! बीआरएममध्ये नंबर काढत नाहीत, वेळेत पोचलं की झालं, त्यामुळे त्याचं दुःख करणारंही कुणी नव्हतं.

आता 400 चा कागद करायला घेतलाय. मुदत 27 तास. रात्री कुठे आणि किती वेळ डोळा लावायचा, ती ओळ कोरी ठेवली आहे, कारण रात्रवस्तीच्या गाड्यांचं तुम्हालाच कळतं. रविवारी अकराला खाली येते. पेन्सिल माझ्याकडे आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सायकलवाली