डायनासोर बघायला जा, पण आधी माती बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षण-नोकरीसाठी परदेशी गेलेल्या खानदेशातील मुलामुलींचे सुटीचे वृत्तांत हल्ली पुरवण्यांमधून बरेच वाचायला मिळतात. मित्रमंडळींसह केलेला 'डायनासोर वीकेंड' हा त्यातला ठरलेला प्रकार. मजकूर उत्साही असतो, फोटो झकास असतात. पण ते वाचून कुणाला खरेच जायचे झाले तर सोबत काय घ्यावे, पाय कुठे घसरतो, काय उचलले की गुन्हा ठरतो, यातले काही हाती लागत नाही. उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे आई-वडीलही आता या सहलींना जातात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातले ड्रमहेलर हे यासाठी सर्वांत सोयीचे गाव. कॅल्गरीपासून साधारण १३५ किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. ट्रान्स-कॅनडा महामार्गाने पूर्वेला निघून पुढे ९ क्रमांकाच्या रस्त्याला लागायचे. दोन्ही बाजूंना सपाट शेते, आणि गाव सतरा किलोमीटरवर राहिले असताना जमीन एकाएकी खचल्यासारखी खोल जाते. ही हॉर्सशू कॅनियन. बहुतेक गाड्या इथे फोटोपुरत्या थांबतात आणि संग्रहालयाकडे पळतात. क्रम उलटा हवा. सकाळी आठला कॅल्गरी सोडली तर ऊन चढण्याआधी दरीत उतरून तासभर नुसते थर पाहता येतात: करड्या-पांढऱ्या वाळूच्या खडकाचे पट्टे, त्यात कोळशाच्या काळ्या रेघा, मधूनच लोहमिश्रित दगडाचे तांबूस थर. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी इथे नद्या आणि दलदली होत्या. कोळसा दलदलीचा, वाळू नदीची आणि हाडे त्या गाळात दबलेल्या जनावरांची.

खानदेशी माणसाने वाकून बघावे ते तिथल्या मातीकडे. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ती बेंटोनाइट माती. तिच्यातले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, आणि आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीतली चिकणमातीही त्याच कुळातली. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. आपल्याकडे मे महिन्यात त्यामुळे हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिकडे उतारावरचा वरचा थर ज्वारीच्या लाह्यांसारखा फुलून येतो. कोरडी असताना पायाखाली चुरचुरते आणि पकड चांगली आहे असे वाटते. फसगत तिथेच होते. एक सर पडून गेली की त्याच उतारावर पाय ठरत नाही. बुटाच्या तळव्याच्या खाचा मातीने भरून येतात आणि मग बूट कितीही महागाचा असो, तळवा सपाटच. उतरलेली मंडळी वर चढू शकत नाहीत ती यामुळे. म्हणून आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर दरीत उतरू नये, वरूनच पाहावे. उन्हाळ्यात तिथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. आभाळ भरून आले की लगेच वर निघावे. खाचा खरवडायला एखादी बोथट पट्टी, गाडीत जोडा बदलायला दुसरा आणि चिखलाचा जोडा ठेवायला पिशवी असू द्यावी. भाड्याच्या गाडीत ही माती वाळली की सफाईचे पैसे वेगळे भरावे लागतात.

याच स्वभावामुळे तिथे डायनासोर सापडतात, हेही लक्षात घ्यावे. अशा मातीत झाडझाडोरा तग धरत नाही, उतार उघडेच राहतात, प्रत्येक पावसात वरचा थर वाहून जातो आणि आत दबलेले हाड उघडे पडते. मूळ दरी रेड डिअर नदीची. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्यांनी ती कापली.

हाड ओळखायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक सहलीत येतो. तांबूस लोहदगड आकाराने हाडासारखाच दिसतो आणि नवखा माणूस दर पाच मिनिटांनी आरोळी ठोकतो. आकार बघू नका, तुटलेली कड बघा. हाडाच्या आत बारीक जाळी असते, दगड आतून एकजिनसी असतो. अश्मीभूत लाकडात मात्र लांबट रेषा दिसतात. सच्छिद्र हाड जिभेला चिकटते हे खरे आहे, पण जनावरांच्या विष्ठेवरून वाहिलेल्या पाण्याच्या उतारावर ही परीक्षा करू नये. ओल्या बोटाने काम भागते. सापडले तर जागेवर राहू द्यावे, शेजारी नाणे ठेवून फोटो घ्यावा, मोबाइलवर ठिकाणाची नोंद करावी आणि संग्रहालयाला कळवावे. अल्बर्टातले जीवाश्म प्रांताच्या मालकीचे असतात. खणायला परवाना लागतो. उद्यानातून खडाही उचलायचा नाही. खासगी जमिनीवर वर पडलेला तुकडा जमीनमालकाच्या परवानगीने उचलता आला तरी तो विकता येत नाही आणि परवानगीशिवाय प्रांताबाहेर नेता येत नाही. तेव्हा 'आईसाठी एवढासा तुकडा' बॅगेत घालून जळगावला आणण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

दुपार रॉयल टिरेल संग्रहालयासाठी ठेवावी. हे १९८५ साली उघडले. गावापासून सहा किलोमीटरवर. सुटीच्या दिवशी गर्दी असते, तिकीट आधी ऑनलाइन काढावे आणि तीन तास हाताशी ठेवावेत. सगळे टी-रेक्सपुढे रांग लावतात. तिथला काळाभोर सांगाडा प्रेक्षणीय आहेच. मँगनीज मुरल्यामुळे त्याच्या हाडांना तो रंग आला. पण वेळ कमी असेल तर आमच्या मते बोरिआलोपेल्टाजवळ थांबावे. २०११ मध्ये तेलवाळूच्या खाणीत यंत्रावर काम करणाऱ्याच्या नजरेस पडलेला हा ११ कोटी वर्षांपूर्वीचा चिलखती प्राणी. त्याचे नुसते हाड उरलेले नाही. पाठीवरचे खवले, काटे, मानेचा बाक जसाच्या तसा आहे. भोवतीचा दगड काढायला एका तंत्रज्ञाला सुमारे ७,००० तास लागले आणि २०१७ मध्ये प्रजातीला त्याचेच नाव मिळाले. तशा कामाची प्रयोगशाळा संग्रहालयात काचेतून दिसते. लहान हत्याराने दाण्यादाण्याने दगड उडवणारा माणूस पाच मिनिटे पाहिला तर मुलांना या शास्त्राची जेवढी कल्पना येते, तेवढी गावातल्या २६ मीटर उंच पुतळ्याने येत नाही. त्या पुतळ्याच्या तोंडापर्यंत १०६ पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावे. आणि मुलांना सांगावे की खरा टी-रेक्स लांबीलाच बारा मीटरच्या आसपास होता.

जून-जुलैत तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे हूडू, म्हणजे डोक्यावर कठीण दगडाची टोपी असलेले ठिसूळ वाळूच्या खडकाचे खांब, संध्याकाळी पाहावेत.

रविवारी डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क. १९७९ पासून जागतिक वारसा. ड्रमहेलरपासून जवळपास दोन तास, आणि तिथून कॅल्गरी अडीच तास. म्हणजे शनिवारचा मुक्काम ड्रमहेलरला आणि पेट्रोलची टाकी उद्यानाजवळच्या ब्रूक्स गावातच भरलेली हवी, कारण उद्यानात पंप नाही. चाळीसहून अधिक प्रकारचे डायनासोर या एकाच टापूत मिळाले आहेत. पण मुख्य राखीव भागात मार्गदर्शकाबरोबरच जाता येते आणि त्या फेऱ्यांच्या जागा आधीच संपतात. जागा न धरता गेलेल्या गटाला बाहेरच्या खुल्या पायवाटांवरच समाधान मानावे लागते. पारा पस्तिशीच्या वर जातो. भुसावळच्या उन्हाची सवय असलेल्यांना हे किरकोळ वाटेल, पण आपण त्या उन्हात डोक्याला रुमाल बांधतो आणि सावली शोधतो. तिकडे सावलीच नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोटा झाकणारे बूट. खडकाच्या कपारीत हात घालू नये, तिथे खुळखुळ्या साप असतात. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दहीभात तापलेल्या गाडीत दुपारपर्यंत आंबतो.

इंग्लंडात राहणाऱ्यांचे थोडक्यात. लाइम रेजिस आणि चारमथच्या किनाऱ्यावर 'डायनासोर शोधायला' जाणाऱ्यांच्या हाती बहुधा अमोनाइट आणि बेलेम्नाइट या नामशेष समुद्री जिवांचे जीवाश्म लागतात. मेरी ॲनिंग यांनी तिथे शोधलेले प्रसिद्ध इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर हेही समुद्री सरपटणारे प्राणी, डायनासोर नव्हेत. डायनासोरच्या पावलांचे ठसे पाहायचे तर आइल ऑफ वाइटवर कॉम्प्टन बेला जावे, तेही ओहोटीला. आपण तापीकाठची माणसे, भरतीचे वेळापत्रक आपल्या अंगवळणी नसते. तिथे कडा आणि समुद्र यांच्यामध्ये अडकणारे पर्यटक असतात ते यामुळेच. पाणी उतरू लागल्यावर निघायचे आणि ओहोटी पुरी होताच परतीला लागायचे. कड्याच्या पायथ्याशी बसू नये, दरडी कोसळतात.

आता घरचे. खानदेशात डायनासोर का नाहीत, असे मुले विचारतात. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर गोठलेला आहे, आणि उकळत्या लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. धुळे-नंदुरबारच्या माळावर किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेल्या काळ्या दगडी भिंती म्हणजे लाव्हा भेगांतून वर येताना गोठला त्या जागा. डायनासोरांचा 'लामेटा' खडक या लाव्ह्याखालचा; नर्मदेच्या खोऱ्यात वरचा लाव्हा झिजला आणि तो उघडा पडला. खानदेशात अंड्यांची कवचे मिळाली ती शहामृगाची: चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे, त्यावर माणसाने कोरलेल्या नक्षीसह. ती डायनासोरांच्या कितीतरी अलीकडची.

सातपुडा ओलांडला की चित्र बदलते. धुळे-शिरपूर-सेंधवा, तिथून बडवानी-कुक्षीमार्गे धार जिल्ह्यातले बाग. बागच्या लेण्या आणि छापाचे कापड आपल्याला ठाऊक असते. त्याच परिसरात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचा शोधनिबंध जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची, व्यास बहुतेक १५ ते १७ सेंटिमीटर. तिथे अख्खे अंडे शोधू नये. चुनखडकात गोल किंवा अर्धगोल पातळ कडा दिसते, तेच कवच. याच भागातल्या पाडल्या गावात असे गोल दगड 'काकर भैरव' म्हणून शेताच्या रक्षणासाठी पुजले जात. देवस्थानाच्या जागी विचारल्याशिवाय हात लावू नये, हे सांगायला नको.

गुजरातेत बालासिनोरजवळ रायोली. ताप्ती लाइनने सुरत, पुढे वडोदरा आणि तिथून रस्त्याने. राजासॉरस नर्मदेन्सिस हा डोक्यावर छोटे शिंग असलेला मांसभक्षक इथल्याच हाडांवरून २००३ मध्ये नाव मिळालेला. संग्रहालय २०१९ पासून आहे. टी-रेक्स भारतात कधीच नव्हता. राजासॉरसचे नातलग मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात, कारण हे भूभाग आणि भारत पूर्वी एकमेकांना जोडलेले होते. ड्रमहेलरला जाऊन आलेल्या मुलाने बाग आणि रायोली दोन्ही पाहिले तर त्याला जगाच्या नकाशाचा अर्थ जास्त कळेल, असे आम्हाला वाटते.

आमची विनंती अशी की अशा सहलींच्या वृत्तांताखाली चार ओळींची चौकट द्यावी: अंतर, हंगाम, बुटांची सूचना, जीवाश्मांविषयीचा नियम. आणि शाळांनी दरवर्षी सापुताऱ्याला निघणाऱ्या एखाद्या बसचा मार्ग बागकडे वळवून पाहावा. दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर अंड्यांच्या जागांवर पावसाळ्यानंतरचे गवत उभे असते, तेव्हा स्थानिक वाटाड्या घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून खडक उघडा दिसतो, तोच हंगाम बरा.

आपले,
भूगोल व भूशास्त्राचे काही शिक्षक,
धुळे-जळगाव