मिरजेच्या घड्याळवाल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. "गर्दी नको बाबा, डोळे आता एवढेच उरलेत," असं तुम्हीच म्हणाला होतात. पण आभार मानायचे राहून गेले होते आणि समोर बसून ते मला जमत नाही. त्यात तुम्ही चहा मागवता, मग मूळ विषय बाजूलाच पडतो.

आठवतंय का, मी आलो तेव्हा पिशवीत पाच घड्याळं होती? पाचही मनगटावरची, पाचही मेलेली. आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. शेतावरच्या पाणबुडी मोटरी, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, ट्रॅक्टरचे स्टार्टर, जे जळेल ते आमच्याकडे येतं. बारा वर्षांत पाच घड्याळं गेली. बॅटरीवाल्या दोन घड्याळांत घाम शिरून आत हिरवा गंज चढला. एकाची काच बेअरिंग काढताना पुलर सटकून फुटली. एकाचा पट्टा विहिरीच्या कठड्यावर तुटला, ते काढायला दोन तास गळ टाकत बसलो होतो. पाचवं सासऱ्यांनी लग्नात दिलेलं ऑटोमॅटिक, हात हलला की आपोआप चावी बसणारं, ते दिवसाला वीस-वीस मिनिटं पुढे पळायला लागलं. दोन दुकानांत दाखवलं. एकाने नवीन घ्या म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पैसे घेऊन फक्त वेळ लावून दिली. आईचं म्हणणं एकच, "ह्याच्या अंगात करंट आहे, ह्याच्याकडे घड्याळ जगत नाही." दिवसभर करंटशीच खेळत असल्यामुळे मलाही ते थोडंफार पटलं होतं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही मात्र पिशवीकडे पाहिलंच नाही. म्हणालात, "घड्याळं ठेवा बाजूला, हात दाखवा."

ज्योतिषी हात बघतो तसा तुम्ही माझा हात उलटासुलटा केलात. नखातलं व्हार्निश, मनगटावर पट्ट्याखाली उठलेलं लालसर पुरळ, आणि त्याच्या वरचा तो भाजल्याचा जुना डाग. "हे काय?" म्हणून विचारलंत. ट्रॅक्टरची बॅटरी सोडवताना स्टीलचा पट्टा प्लस टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये सापडला होता. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण गाफील असतो, पण पट्टा क्षणात लाल होतो. हे सांगितल्यावर तुम्ही भिंग कपाळावर सरकवलंत आणि म्हणालात, "मग घड्याळ कसलं दुरुस्त करायचं? आधी त्याची जागा बदला."

त्यानंतरचं होकायंत्र मी विसरणार नाही. शाळेतल्या कंपासपेटीत शोभेल एवढंसं. सासऱ्यांचं ऑटोमॅटिक तुम्ही त्याच्या शेजारी ठेवलंत, तर होकायंत्राची सुई घड्याळाच्या टिकटिकीबरोबर थरथरायला लागली. "चुंबक बसलंय," एवढंच म्हणालात. पुढचं सांगायची गरजच नव्हती. आर्मेचर, म्हणजे मोटरीचा तार गुंडाळलेला फिरणारा भाग, तपासायला आम्ही ग्रोलर वापरतो, म्हणजे एसीवर चालणारं मोठं विद्युतचुंबकच. हात दिवसभर त्याच्यावर. बटण बंद केलं की त्या क्षणाचं चुंबकत्व जवळच्या पोलादात राहून जातं, हे मी पोरांना शिकवतो, आणि माझं मनगट नेमकं तिथेच असतं! घड्याळातल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखडल्यासारखी होते, बॅलन्स, म्हणजे ठोके देणारं चाक, भराभर हलतो आणि घड्याळ पुढे धावतं. बारा वर्षं ज्या विद्येवर पोट भरलं, तिनेच माझं घड्याळ पळवलं होतं. अंगातल्या करंटचा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला. आईला अजून पटलेलं नाही.

मग मी म्हणालो, खिशातलं एखादं द्या, साखळीवालं. काउंटरच्या काचेखाली तसली तीन-चार होती, पिवळसर, झाकणावर वाघ-सिंह कोरलेली. दुसरा असता तर लगेच काढून हातात दिलं असतं. तुम्ही म्हणालात, "ती लग्नात फोटो काढायला. वर मुलामा, आत तेच बॅटरीचं मशीन. तुमच्या घामाने सहा महिन्यांत सिंहाची मांजर होईल."

आणि थांबायला लावलंत. तीन आठवडे. तेव्हा वैताग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

तीन आठवड्यांनी जे काढलंत ते मॉलनिया कंपनीचं खिशातलं चावीचं घड्याळ. रशियातल्या चेल्याबिन्स्कचं, जाडजूड, सहाच्या आकड्यावर सेकंदाची छोटी तबकडी. मागचं झाकण उघडून भिंग माझ्या डोळ्याला लावलंत आणि पहिल्यांदाच मला घड्याळाचं मशीन मोटरीसारखं समजलं. ३६ मिलिमीटरचं मशीन, १८ ज्वेल, म्हणजे चाकांचे आस ज्यांत फिरतात ते खडे, तासाला १८,००० ठोके. मनगटावरच्या घड्याळात जे सुईच्या टोकाएवढं असतं ते इथे डोळ्याला दिसतं. चाकं मोठी, दात मोठे, तेल धरायला जागा, पिव्हट, म्हणजे आसाची टोकं, जाड. तुमचं म्हणणं होतं की एकच मशीन त्यांनी दशकानुदशकं बनवलं, त्यामुळे कारखान्याने ते बंद केलं तरी एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. आम्हीही मोटर अशीच निवडतो. जिचं बेअरिंग सांगलीत मिळतं ती चांगली मोटर.

झाकणाचं हवं होतं मला, ऐट म्हणून. त्यावर तुम्ही अमेरिकेतल्या ओहायोची गोष्ट सांगितलीत. १८९१ साली किप्टन नावाच्या गावाजवळ दोन आगगाड्या समोरासमोर धडकल्या, कारण एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून परत चालू झालं होतं. मग वेब बॉल नावाच्या घड्याळजीला चौकशीला नेमलं आणि १८९३ पर्यंत रेल्वेच्या घड्याळांचे नियम ठरले. तोंड उघडं हवं, झाकण नको. किमान १७ ज्वेल. पाच वेगवेगळ्या स्थितींत तपासलेलं. आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. एके काळी तीन गेजच्या, म्हणजे तीन रुंदींच्या रुळांवरच्या, गाड्या येणाऱ्या मिरज जंक्शनात बसून ही गोष्ट ऐकायची म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईवाल्यांना कळणार नाही. झाकणाचा हट्ट मी तिथेच सोडला. एका हातात पाना असताना दुसऱ्या हाताने झाकण उघडत बसणार कोण?

साखळी तर तुम्ही स्वतःच काढून घेतलीत. "मनगटावरचं लोखंड काढून पोटावर बांधणार का?" त्या जागी चामड्याची वादी दिलीत. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, आणि मी स्वतःला इलेक्ट्रिशियन म्हणवतो.

किंमत इथे लिहीत नाही. उद्या कोणी येऊन तोच भाव मागेल.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळतोय. सकाळी दुकानाचं शटर उघडण्याआधी चावी, हाताला अडली की तिथेच थांबायचं. ग्रोलरच्या टेबलापासून दोन हात लांब. विहिरीत उतरताना घड्याळ वर, चप्पलेत ठेवून. पाण्याशी त्याचं वैर आहे हे तुम्ही लपवलं नव्हतं. खिशाचा मात्र घोटाळा झाला. जीन्सच्या पुढच्या खिशातला तो छोटा खिसा मुळात घड्याळासाठीच असतो म्हणालात, पण आमचं हे धूड त्यात शिरेना. शर्टाच्या खिशात ठेवलं तर वाकलं की बाहेर. शेवटी शिंप्याकडून पँटला कमरेजवळ एक आडवा खिसा शिवून घेतला, आजोबांच्या बंडीला असायचा तसा. गांधीजी घड्याळ कमरेलाच लटकवायचे, ते उगाच नव्हे.

आठ महिने झाले. एकदाच बंद पडलं, तेव्हा खिशातलं सुताचं बोंडूक आत गेलं होतं, ते तुम्हीच काढलंत आणि मला खिसा उलटा करून झटकायची सवय लावलीत. मळ्यात लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीला मोटर बसवून, लाईट जायच्या आत पाणी वर आलेलं बघायचं असतं. मोबाइल काढावा तर हात ग्रीसने भरलेले, बोटाचा ठसाच ओळखत नाही. करंगळीने वादी ओढायची, बॅटरीच्या उजेडात तबकडी बघायची, सोडून द्यायची. मनगटावरचं पुरळ गेलंय. सासऱ्यांचं घड्याळ आता सणावाराला घालतो. त्याचं चुंबक तुम्ही दुसऱ्याकडे पाठवून उतरवून आणलंत, कारण तुमचं स्वतःचं चुंबक उतरवायचं यंत्र जळून काउंटरखाली पडलं होतं.

ते मी मागच्या वेळी पिशवीत घालून आणलं, तुम्ही नको नको म्हणत असताना. गुंडाळी झाली. जुने वेढे मोजून तेवढेच घातलेत, तार त्याच जाडीची, व्हार्निश दोनदा, बटण नवीन. होकायंत्र शेजारी ठेवून आमच्याच एका चुंबकलेल्या स्क्रूड्रायव्हरवर करून पाहिलं. चालू ठेवूनच हळूहळू हातभर लांब नेला, मग बटण सोडलं. सुई हलली नाही.

गुरुवारी घेऊन येतो, अकरा वाजता. माझं घड्याळ रोज मिनिटभर मागे पडतं आणि ते मी सोमवारी सकाळी मिळवतो, तेव्हा तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झालेली असतील. चहा त्या हिशेबाने सांगा.

तुमचा,
पाच घड्याळंवाला