एको केंद्रासाठी लहान मुलांचा प्रोब घ्यायचा आहे : सर्व सभासद व हितचिंतकांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपले टू-डी एको केंद्र (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पाहण्याची तपासणी) उभे राहिले ते सभासदांच्या बळावर. पहिली देणगी आपल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. पावतीवर नावसुद्धा घालू नका, असे त्यांनी बजावले होते. महिला शाखेने घरोघरी फिरून मशीनची उरलेली रक्कम जमवली. तपासणीचा पलंग आणि पडदे आपल्या माजी खजिनदारांनी दिले. डॉक्टरबाई आजही मानधन न घेता येतात आणि शेवटचे मूल तपासून होईपर्यंत उठत नाहीत. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

अडचण अशी की मशीनसोबत आलेला प्रोब, म्हणजे छातीवर टेकवून ध्वनिलहरी सोडणारा भाग, मोठ्या माणसांचा आहे. तान्ह्या बाळाच्या बरगड्यांमध्ये तो नीट बसत नाही, आणि त्याच्या कमी वारंवारतेच्या लहरी खोलवर जात असल्या तरी बारकावे दाखवत नाहीत. बाळांसाठी साधारण ८ ते १२ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. एवढ्याशा हृदयात एक-दोन मिलिमीटरची चूकही निदान फिरवू शकते.

मुलांच्या हृदयाच्या कप्प्यांना सरसकट एक माप लावता येत नाही. उंची-वजनावरून शरीराचे क्षेत्रफळ काढून झेड-स्कोर, म्हणजे तेवढ्याच अंगकाठीच्या मुलांच्या सरासरीपासून माप किती दूर आहे हे सांगणारा आकडा, पाहावा लागतो. तो उणे २ ते अधिक २ च्या दरम्यान असला तर कप्पा सामान्य आकाराचा मानतात. म्हणून अचूक वजनकाटा आणि उंचीमापकही हवा आहे. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र असेल तर उजवी बाजू फुगते, खालच्या पडद्याला असेल तर बहुधा डावी. कोणता कप्पा किती वाढला यावर छिद्र कधी बंद करायचे हे बरेचसे ठरते. एक्स-रेमध्ये बाळाच्या छातीतल्या थायमस ग्रंथीच्या सावलीनेही हृदय मोठे भासते आणि आईबापांची झोप उडते. एकोमध्ये खरे काय ते कळते. किरणोत्सर्ग नसल्याने ही तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

मागच्या आवाहनाची आठवण मात्र मनाला लागते. सभेत टाळ्या भरपूर पडल्या, नोंदवही जवळजवळ कोरी राहिली. त्यानंतर कितीतरी आईबापांना ‘मोठ्या रुग्णालयात जा’ असे सांगून परत पाठवावे लागले. ते सांगण्याची वेळ आमच्यावर पुन्हा आणू नका.

देणगी धनादेशाने किंवा मंडळाच्या खात्यात थेट भरावी, पावती कार्यालयात सायंकाळी मिळेल, दरपत्रकही तिथेच पाहता येईल, रकमेला किमान मर्यादा नाही. जुना प्रोब कोणी देणार असल्यास तो आपल्या मशीनला जुळतो का हे आधी विचारावे. रडणाऱ्या मुलाची मापे नीट घेता येत नाहीत, तेव्हा तपासणीच्या दिवशी मुलांना रमवायला आणि उंची-वजन नोंदवायला स्वयंसेवकही हवेत. प्रोबची मागणी महिनाअखेर नोंदवायची आहे. ज्यांनी सभेत आकडे जाहीर केले होते, त्यांनी ती रक्कम त्याआधी जमा करावी, ही हात जोडून विनंती.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)