कारखान्यात मुक्काम असेल तर आगीची पाहणी रात्री करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्यात 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे आगीत 6 कामगार दगावले. सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात 18 मे 2025 च्या पहाटे आगीत 8 जण दगावले. दोन्हीकडे माणसं कारखान्याच्या इमारतीतच मुक्कामाला होती. आपल्याकडची आगीची पाहणी मात्र होते दिवसा: शटर वर, दिवे चालू, माणसं जागी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते जरुरीचं आहेच. पण भिंतीवरचा 6 किलोचा, आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर जेमतेम 15 ते 20 सेकंद चालतो, आणि तोही कोणीतरी जागं असेल तर. शिवाय घट्ट गुंडाळलेल्या कापडाच्या ताग्यावर पावडर मारली की वरची ज्वाळा विझते, आत विस्तव धुमसत राहतो. तिथे वीज तोडून पाणीच मारावं लागतं, तागा उलगडावा लागतो.

म्हणून मालकांना विनंती, की आधी सगळ्यांना कल्पना देऊन एकदा रात्री सराव करा. माणसं अंथरुणावर, मुख्य स्विच बंद, हातात एकच बॅटरी. शेवटचा माणूस रस्त्यावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. खऱ्या त्रुटी तिथेच सापडतात. शटरला बाहेरून कुलूप आणि किल्ली घरी गेलेल्या सुपरवायझरकडे. मोटरचं शटर वीज गेल्यावर उघडत नाही, हाताने ओढायची साखळी कधीच तुटलेली. पोटमाळ्यावरून उतरणारा एकुलता जिना थेट यंत्रांच्या हॉलमध्ये, आणि जिन्याखाली चिंध्यांची पोती. धूर वर चढतो, म्हणजे सर्वांत आधी तो झोपलेल्यांपर्यंतच पोचतो. झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल या भरवशावर राहू नये. विषारी वायू त्याआधीच माणसाला बेशुद्ध करतो.

कामाच्या जागी मुक्काम नसावाच, हे माझं स्पष्ट मत आहे. तो हलवेपर्यंत निदान इतकं हवं: झोपायच्या जागेतून यंत्रांच्या हॉलमध्ये न शिरता थेट बाहेर नेणारा दुसरा जिना, आतून किल्लीशिवाय उघडणारं दार, खिडकीच्या लोखंडी जाळीचा एक भाग बिजागरीवर, कडी आतून. धुराचा डिटेक्टर झोपायच्या खोलीत आणि जिन्यात बसवावा. हॉलमध्ये कापसाचे तंतू उडत असल्याने तो वारंवार खोटाच वाजतो आणि मग कोणीतरी वायर काढून ठेवतो. तिथे उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावावा, पण त्याचा भोंगा झोपलेल्यांच्या उशाशी वाजला पाहिजे.

आता विजेबद्दल. 'एमसीबी आहे, काळजी नको' हे सर्रास ऐकू येतं. एमसीबी म्हणजे आपोआप पडून वीज तोडणारा स्विच; ती जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखते. टर्मिनलचा स्क्रू सैल असेल तर वायरीतला प्रवाह वाढत नाही, फक्त तो सांधा तापत जातो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. यंत्रांच्या हादऱ्याने स्क्रू सैल होतात, वर तंतूंचा थर बसतो, आणि ठिणगीला आयतं खाद्य मिळतं. तपकिरी पडलेलं इन्सुलेशन, जळका वास, हाताला गरम लागणारं झाकण ही आधीची लक्षणं. वीज बंद करून वायरमनकडून सांधे ठरावीक काळाने आवळून घ्या, तंतू झाडून काढा. एमसीबी सारखी पडते म्हणून 1.5 चौरस मिमीच्या वायरवर 32 अँपिअरची बसवणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं. झोपायच्या खोलीत गॅसची शेगडी नको, आणि जिन्यात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावणं आजच बंद करा.

अग्निशमन विभागांनी आणि एमआयडीसीने नमुना 'ब' सोबत मालकाचं एक पानी निवेदन मागावं: रात्री आत किती जण झोपतात, कोणत्या मजल्यावर, बाहेर पडायचे मार्ग किती, किल्ली कोणाकडे, आणि रात्रीच्या शेवटच्या सरावाची तारीख. जिथे मुक्काम आहे आणि वाट एकच आहे, तिथे पहिली भेट रात्री द्यावी.

आपला,
औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील एक वाचक, सोलापूर